उज्ज्वलाबाईंनी न केलेली विनंती

"जरा आत या, बोलायचं आहे," असं कोणी म्हटलं की उज्ज्वला राठोडचं डोकं सटकतं. आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. नव्या साहेबांना तेवढं ठाऊक नव्हतं.

मी दीनानाथ, यवतमाळच्या एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेचा अधीक्षक. आस्थापना म्हणजे काय ते ज्यांना नोकरी नाही त्यांना सांगावं लागतं. माणूस नोकरीला लागला की त्याचा कागद आमच्याकडे. त्याची रजा, बदली, बढती, बाळंतपण, निवृत्ती, आणि मधेच बिचारा गेला तर त्याच्या बायकोचा अर्ज, तोही आमच्याकडे. जिल्ह्यात प्रत्येक खात्याची अशी एक शाखा. रस्तेवाल्यांची वेगळी, पाणीवाल्यांची वेगळी, दवाखान्यांची, शाळांची, वसतिगृहांची वेगळी. प्रत्येकाची चूल वेगळी आणि धूरही वेगळा. माझ्या शाखेत माझ्यानंतरची खुर्ची उज्ज्वलाची होती. ज्येष्ठता यादीत ती सगळ्यांत वर होती, आणि मी निवृत्त झालो की अधीक्षक तीच होणार हे भिंतीलाही माहीत होतं. तिच्या तांड्यातून सरकारी नोकरीत पुष्कळ गेले. शिक्षक झाले, पोलीस झाले. पण ऑफिसात अधीक्षकाच्या खुर्चीवर अजून कोणी बसलं नव्हतं, आणि बाई तर नाहीच नाही.

तिचा तांडा पांढरकवड्याच्या पलीकडे, हायवेपासून बराच आत. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख हिंडलेले. आता तिथं कापूस आणि तूर. वडील खेमसिंग तांड्याचे कारभारी, म्हणजे नायकाचा उजवा हात. तांड्यात भांडण झालं, सोयरीक मोडली, कोणाचं ढोर कोणाच्या शेतात गेलं, तर नायकाच्या दारात नसाब बसायचा. नसाब म्हणजे सगळ्या तांड्यासमोरचा निवाडा. त्याचे दोन कायदे उज्ज्वला मला नेहमी ऐकवायची. एक, ज्याचा विषय असेल तो समोर पाहिजे, त्याच्या पाठीमागे काही ठरत नाही. दोन, बोलून झाल्यावर नायक विचारतो, कोणाचं काही म्हणणं आहे का. कोणी बोललं नाही की तो सगळ्यांचा शब्द झाला. मग तो कोणी मोडत नाही.

बायका नसाबात लांब बसायच्या. उज्ज्वला दहावीत असताना एकदा तिचीच सोयरीक तिथं ठरली. मुलगा चांगला होता, खेमसिंगनं मान डोलावली होती, गूळ वाटायचाच बाकी होता. ही बायकांतून उठली आणि थेट मधे येऊन उभी राहिली. विषय माझा आहे आणि मला कोणी समोर बोलावलं नाही, म्हणाली. खेमसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारे हरिसिंग नायक म्हणाले, छोरी बरोबर बोलते, ठरलेलं मोडलं. खेमसिंग पुढे आठवडाभर लेकीशी बोलला नाही. नंतर त्यानंच तिला पेटी घेऊन आश्रमशाळेच्या वसतिगृहात पोहोचवलं, ते थेट बारावीपर्यंत.

अशी ही बाई आमच्या शाखेत आली आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटू लागली. गुणाची होती, कामाला वाघ होती, पण हळू बोलणं तिला जमायचंच नाही. गोपनीय अहवाल हातात आला की ती तो शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायची. "शेरा पाहा साहेब, 'स्वभाव तापट.' हे त्या बिचाऱ्याले कोनी सांगितलं का?" मी कपाळाला हात लावायचो. राठोड मॅडम, त्याला गोपनीय म्हणतात, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापासूनच गोपनीय, हा कुठला न्याय. थंडीत घरून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायची आणि टेबलावर ओतून सगळ्यांना बोलवायची. शेंगा सोलता सोलता शाखेतली निम्मी भांडणं मिटायची. निम्मी तिनेच लावलेली असायची, हा भाग वेगळा.

मग एके दिवशी ठरलं की या सगळ्या चुली विझवून एकच मोठी चूल पेटवायची. सगळ्या खात्यांच्या आस्थापना शाखा बंद, त्यांच्या जागी एकच मानव संसाधन विभाग. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीत एक बंद पडलेली शेड होती. तिला काचा लावल्या, रंग दिला, दारावर पाटी चढवली. खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. एका नर्सबाईची रजा तीन ऑफिसं फिरून यायची, तोवर तिचं लेकरू रांगायला लागायचं. ते थांबत असेल तर कोणाला नको? उज्ज्वलालाही हवंच होतं. ती म्हणाली, एका छताखाली सगळे बसतील, बरंच आहे, सगळ्यांना सगळं ऐकू जाईल.

खोच पुढेच होती. आम्हा लोकांना लोहाऱ्याला नेताना सरकार बदलीचा आदेश काढणार नव्हतं. प्रत्येकानं छापील अर्जावर सही करायची होती, की मी स्वखुशीने नवीन विभागात समाविष्ट करून घेण्याची विनंती करीत आहे. वाचायला किती गोड. आमच्या धंद्यात मात्र त्या 'विनंती'चं वजन पोरासोरालाही कळतं. सरकारनं आपल्या गरजेसाठी हलवलं तर माणसाची ज्येष्ठता त्याच्याबरोबर जाते. त्यानं स्वतः विनंती केली तर तो नव्या यादीत शेवटी. रेशनच्या रांगेतून आपणहून उठून दुसऱ्या रांगेत गेला त्याला मागे उभं राहावं लागतं, तसंच. सही केली की उज्ज्वलाची आजवरची सगळी नोकरी पुसली जाणार होती. परवा लागलेल्या पोराच्या मागे तिचं नाव, आणि अधीक्षकाची खुर्ची या जन्मात नाही. वरच्या जागांवर बाहेरून माणसं आणायची, म्हणून आतली माणसं अशी तळाशी घालायची होती. मी महिनाअखेर निवृत्त होणार होतो, त्यामुळे माझी सही कोणाला नको होती. मला फुकट तमाशा बघायला मिळाला, आणि तो बघून माझं रक्त उकळलं.

सह्या गोळा करायला आले नवे उपसंचालक पियूष साहेब. नागपूरचे, तरुण, मोठ्या संस्थेतून माणसं सांभाळायचं शास्त्र शिकून आलेले. आवाज कधी चढला नाही. 'उज्ज्वलाजी', 'शीलाजी', सगळ्यांना 'जी'. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून रोज फोन येत होते. त्यानं माझीच केबिन घेतली आणि एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. आत चहा, बिस्किटं, घरची चौकशी, मुलं काय करतात वगैरे. माणूस बाहेर यायचा तेव्हा मान खाली असायची आणि सही झालेली असायची. आत काय बोलणं झालं ते कोणी दुसऱ्याला सांगत नव्हतं.

उज्ज्वलाचं नाव आलं. शिपाई आला, मॅडम, साहेबांनी आत बोलावलं. ती जागची हलली नाही. दुसऱ्यांदा आला. मग ती उठली, स्वतःची खुर्ची फरफटत हॉलच्या मधोमध पंख्याखाली नेली आणि तिथं बसली. शिपायाला म्हणाली, साहेबांना सांग, मी बाहेर आहे. शिपाई माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली, जा, सांग.

पियूष साहेब दारात आले. हसले. म्हणाले, उज्ज्वलाजी, पाच मिनिटं आत बसून बोलू या ना, शांतपणे.

"साहेब, मी आत येत नाही. जे असन ते इथीच बोला, सगळ्यायसमोर. विषय सगळ्यायचा हाय."

"हा प्रत्येकाचा वैयक्तिक निर्णय आहे."

"मंग मले एवढं सांगा. हा नवा विभाग कोनाले पायजे, मले का सरकारले?"

पियूष साहेब थोडे अडखळले. म्हणाले, अर्थात, शासनाचा निर्णय आहे.

"शासनाले पायजे तर विनंती शासनानं करा लागते. मी मंजूर करतो." कोणीतरी मागे खुसकन हसलं. ती हसली नाही. "मी यायले नाही म्हनून नाही राह्यली. हुकूम काढा, उद्या सकाळी लोहाऱ्याले हजर होतो. पन जे म्या मांगितलं नाही, ते मांगितलं असं माह्या हातानं कायले लिहू?"

विचार करा, एवढंच म्हणून साहेब आत गेले. उज्ज्वला उठली आणि सगळ्या शाखेकडे तोंड करून तिनं विचारलं, कोणाचं काही वेगळं म्हणणं आहे का? कोणी बोललं नाही. काही माना हलल्या, काही फायलींत गेल्या. तिचा चेहरा फुलला. संध्याकाळी जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाली, मिटलं साहेब, कोणीच नाही म्हटलं नाही, आता सगळे एका शब्दावर आहेत.

मी तिला म्हटलं, राठोड मॅडम, इथलं गप्प बसणं निराळं असतं. इथं माणूस मूग गिळून बसतो आणि मग साहेबाच्या दाराची कडी वाजवतो. तिनं ऐकलं नाही. उलट मलाच म्हणाली, तुम्हा लोकांना माणसांवर भरवसाच ठेवता येत नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांत उरलेली सगळी शाखा एकेक करून केबिनमधे जाऊन आली. कोणी जेवणाच्या सुट्टीत गेलं, कोणी उज्ज्वला बँकेत गेली असताना. शेवटी शीलाही गेली. शीला तिच्या शेजारच्या टेबलावरची, गावातलीच, नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी बारावीला. ज्यांनी सही केली नाही त्यांना जिल्ह्याच्या टोकाला, झरी जामणीला टाकणार, अशी कुजबुज केबिनमधून बाहेर आली होती. शीलाला ते परवडणार नव्हतं. पण निदान तिनं लपवलं नाही. डबा उघडायच्या आधीच तिनं उज्ज्वलाला सांगितलं आणि रडू लागली. उज्ज्वलानं तिच्या डब्याचं झाकण लावलं, स्वतःच्याही लावलं. मग मला म्हणाली, "साहेब, मले वाटलं, गप बसले म्हंजे हो म्हनलं. आमच्यात असंच राह्यते." तिचे डोळे भरले होते आणि तिला ते कोणी बघायला नको होतं. मला राग आला. सगळ्यांचा आला, त्या सहीवाल्यांचा, त्या गोडबोल्या साहेबाचा, आणि ज्यानं कोणी हा अर्ज छापला त्याचा तर फारच.

रविवारी ती तांड्यावर जाऊन आली. खेमसिंग आता नाही. आई लालीबाई आहे, डोळ्यांनी अधू, जिभेनं तिखट. लेकीनं सगळं सांगितलं. एकटी पडले, म्हणाली. सुनील, म्हणजे तिचा नवरा, तोही म्हणत होता की कर सही, कटकट मिटव. आता तूच सांग. लालीबाई त्यांच्या बोलीत म्हणाली, तू मधे उभी राहिलीस तेव्हा तरी तुझ्याबरोबर कोण होतं? आणि झरीला पाठवतील म्हणून भितेस, तर झरीला काय माणसं राहत नाहीत? हे सांगताना उज्ज्वला सोमवारी पहिल्यांदा हसली. म्हातारी एवढं बोलून वर लेकीकडेच चहा मागत होती.

त्या सोमवारपासून तिचे हाल सुरू झाले. तिच्या टेबलावरच्या फायली उचलून नेल्या. हजेरीच्या नव्या ॲपमधे तिचं नाव येईना. खुर्ची होती, काम नव्हतं. दिवसभर ती हात मांडीवर ठेवून ताठ बसायची. कोणी जवळून गेलं तर मान खाली घालून जायचं, आणि ही मोठ्यानं विचारायची, काय हो, चहा घेतला का? त्यामुळे लोक दुसऱ्या दारानं जाऊ लागले. बिनकामाचं बसणं तिला आत आत खात होतं. कामाशिवाय माणूस एवढा थकतो हे मला माहीत नव्हतं, असं मला तिनं सांगितलं. सही मात्र केली नाही.

पियूष साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले, एवढा मान त्यांना द्यावाच लागेल. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, उज्ज्वलाजी, जिल्ह्यातून फक्त तुमचा अर्ज राहिला आहे. उद्घाटनाला वरिष्ठ येणार आहेत, शंभर टक्के कर्मचारी स्वेच्छेने आले असं मला सांगायचं आहे. तुमच्या एका सहीसाठी सगळं अडलंय. मी तुम्हाला घराजवळची जागा देतो, हवं ते टेबल देतो.

"शंभर टक्के कसे म्हनता साहेब? मी मोजल्या गेली नाही का?"

मग त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा कडक झाला. नाइलाजानं तुम्हाला झरी जामणीला पाठवावं लागेल, म्हणाले. खात्याच्या तिकडच्या ऑफिसात कोणी टिकत नाही, तुम्हाला माहीत आहे. घर हलवावं लागेल.

"पाठवा," ती म्हणाली. "पन हुकूम तुमचाच पायजे. तेवढं ध्यानात ठेवा."

दोन दिवसांनी शिपाई लिफाफा घेऊन आला. वर 'वैयक्तिक' लिहिलेलं. उज्ज्वलानं तो उभ्या उभ्याच फोडला आणि तिच्या सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागली. श्रीमती उज्ज्वला खेमसिंग राठोड, वरिष्ठ सहायक, यांची प्रशासकीय कारणास्तव बदली करण्यात येत असून त्यांना झरी जामणी येथे पदस्थापना देण्यात येत आहे. 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द आले तसा तिचा आवाज थांबला. तिनं ते पुन्हा वाचले, आणखी मोठ्यानं.

सगळी शाखा टाइप करायची थांबली. आमच्या इथं कोणाला त्या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही, आम्ही त्यावरच जगलो. सरकारनं हलवलं. म्हणजे तिनं मागितलं नाही हे सरकारनंच लिहून दिलं. तिची ज्येष्ठता शाबूत, मूळ खातं शाबूत, बढतीच्या यादीत ती जिथं होती तिथंच. पियूष साहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना उद्घाटनाच्या आत यादीतून एक नाव काढायचं होतं, आणि तिला आदेशानं हलवण्याशिवाय दुसरा रस्ता तिनं ठेवला नव्हता. जंगलातलं गाव, तुटकं ऑफिस, घरापासून लांब, हे सगळं तिच्या वाट्याला आलंच होतं. त्यात कमीपणा एवढासाही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी उठून टेबलावर हात आपटला. निवृत्तीला आलेल्या माणसाला शोभत नाही, पण आपटला.

पियूष साहेब आवाज ऐकून केबिनच्या दारात आले. उज्ज्वलानं आदेशावर पोच दिली, तारीख घातली, प्रत शिपायाच्या हातात ठेवली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, उद्या सकाळच्या गाडीनं निघते साहेब, परवा हजर होते. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती ड्रॉवर आवरायला बसली. आवरण्यासारखं फार नव्हतं, एक पाण्याची बाटली, एक शाल, मुलाचा एक फोटो.

तेवढ्यात शीला उठली. ती टेबलाला धरून उभी होती. ती दारातल्या साहेबांना म्हणाली की मला माझा अर्ज परत पाहिजे, तो मी केलेला नाही, तो माझ्याकडून करून घेतला.

साहेब म्हणाले, शीलाजी, तो वर गेला आहे, आता निघणार नाही. आणि तुमच्या मुलीचं वर्ष आहे, घाईत काही बोलू नका. या, आत बसून बोलू.

उज्ज्वलानं ड्रॉवर तसाच उघडा टाकून वर पाहिलं. शीला आत गेली नाही. तिचा आवाज हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

"मी आत येत नाही, साहेब. अर्ज निघत नसन तर मले बी झरीले पाठवा. पन हुकूम तुमचा पायजे."